बैठक किती वाजता ठेवायची?

लालबाग-परळला आरोग्याच्या कामाची बैठक दुपारी चारला ठेवली, तर ज्यांना त्यांच्या ऑफिसने पाठवलंय तेवढेच येतात. तीच बैठक रात्री साडेनऊनंतर, जेवणं आटपल्यावर, मंडळाच्या खोलीत ठेवली तर उशिरा येणाऱ्यांना बाहेर पायरीवर बसावं लागतं. गिरगावात ती संध्याकाळी पाचला घ्यायची, कारण येणाऱ्यांतले बरेच जण सत्तरीच्या पुढचे, आणि चाळीचा लाकडी जिना त्यांना अंधार पडायच्या आत चढायचा असतो. दादरला रविवारची सकाळ, आणि तीही आठ दिवस आधी कळवून. माझ्याकडे कामाच्या अनुभवासाठी येणाऱ्या समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना मी हे सुरुवातीलाच वहीत लिहून घ्यायला सांगत असे. वेळ कोणाच्या सोयीची आहे, यावरून ती समिती कोणाची होणार हे पहिल्या दिवशीच ठरतं.

मी समाजकार्याची पदवी घेऊन बाहेर पडले ती गिरण्यांचा संप होऊन गेल्यानंतर, गिरणगाव आतून पोखरत चाललं होतं त्या काळात. पुढे सगळी वर्षं एकाच प्रकारचं काम केलं. पालिकेचा दवाखाना, मोठं रुग्णालय, गल्लीतले खासगी डॉक्टर, गणेश मंडळ, महिला मंडळ, कधी युनियन, या सगळ्यांना एका आजारासाठी एकत्र बसवायचं. निधी देणाऱ्यांच्या कागदावर त्याला आरोग्य आघाडी म्हणतात. त्या कागदात सदस्यांचा तक्ताही छापलेला असतो: एक लोकप्रतिनिधी, एक डॉक्टर, एक शिक्षक, दोन महिला, एक युवक. तक्ता भरला की आघाडी झाली असं धरलं जातं. मला ते कधीच पटलं नाही. वस्तीत माणसं आधीच कशाने तरी बांधलेली असतात, आणि आजाराचं काम त्याच बंधावर उभं राहतं. कुठे तो बंध गावाचा असतो, कुठे गिरणीतल्या खात्याचा, कुठे वाडीचा. तो ज्याला बाहेर ठेवतो, तो माणूस आघाडीच्याही बाहेर राहतो.

परळमध्ये हे मला छातीच्या आजाराने शिकवलं. गिरणीच्या ब्लो रूममध्ये आणि कार्डिंग खात्यात कापूस पिंजताना जी धूळ उडते, ती वर्षानुवर्षं श्वासावाटे आत गेली की बिसिनोसिस होतो. त्याची सुरुवातीची खूण ठळक असते. साप्ताहिक सुट्टी घेऊन माणूस कामावर परतला की पहिल्या दिवशी छाती आवळते, मग आठवडाभरात सैल होते. काही वर्षांनी ती सैल होईनाशीच होते. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणी कामगारांच्या श्वसनविकारांचा अभ्यास १९७०च्या दशकातच केला होता. कर्मचारी राज्य विमा कायद्यात हा आजार कामामुळे होणारा म्हणून नोंदलेला होता, म्हणजे भरपाईचा हक्क कागदावर होताच. तरी दम लागणाऱ्या कामगाराला बिडी सोडायला सांगितलं जाई, आणि तो खोकल्याची बाटली घेऊन घरी येई. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यातल्या कित्येकांना नोकरी परत मिळालीच नाही. नोकरी गेली तसा विम्याच्या दवाखान्याचा आधारही गेला, छातीतली धूळ तेवढी राहिली.

ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटरच्या विजय कान्हेरे, डॉ. मुरलीधर यांच्यासारख्या मंडळींनी हा प्रश्न कामगारांना सोबत घेऊन धसाला लावला. त्या कामाच्या कडेला उभं राहून मी जे पाहिलं, त्यावर माझं पुढचं सगळं काम उभं आहे. बिसिनोसिस सिद्ध करायला दोन गोष्टी लागतात. एक, नळीत फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजायचं यंत्र. ते रुग्णालयात होतं. दुसरी, त्या माणसाने कुठल्या खात्यात, किती वर्षं काम केलं याचा इतिहास. गिरणीला टाळं लागलं की टाइम ऑफिसलाही टाळं लागतं, आणि कामगाराच्या ट्रंकेत सापडायची ती एखादी प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी किंवा फाटकं तिकीट.

तो इतिहास मिळाला गावकीच्या खोल्यांत. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या एकेका गावाची माणसं लालबाग-परळच्या एकेका खोलीत पाळीपाळीने राहत. रातपाळीवाला येऊन आडवा होई तेव्हा दिवसपाळीवाल्याची वळकटी भिंतीला लागलेली असे. गावातून आलेला पोरगा बहुधा गाववाल्याच्याच शब्दावर बदली कामगार म्हणून लागे, त्यामुळे कोण कुठल्या खात्यात होता हे सगळ्या खोलीला पाठ. अशाच एका खोलीत एका निवृत्त जॉबरने, म्हणजे खात्यात माणसं भरणाऱ्या मुकादमाने, भिंतीला टेकून बसलेल्या माणसांकडे बोट दाखवत सांगायला सुरुवात केली, "हा कार्डिंगला. हा आधी साच्याला होता, मग मी उचलला याला. याचा भाऊ पण कार्डिंगलाच, पण तो गावी गेला, दम्यानं." मी लिहीत गेले, यादी होत गेली. डॉक्टरांनी पुढे ज्यांना तपासायला बोलावलं, त्यांतले किती तरी त्या बोटाने दाखवलेले होते. त्या आघाडीतला सगळ्यात मोलाचा सदस्य तो जॉबर होता, आणि छापील तक्त्यात त्याच्यासाठी ओळ नव्हती.

साचाखात्यातल्या, म्हणजे मागांवरच्या, माणसांचं दुखणं आणखी वेगळं. शेकडो मागांच्या खडखडाटात पाळीभर उभं राहून त्यांचे कान गेले होते. गिरणीत ते एकमेकांशी खुणांनी बोलत, त्यामुळे ऐकू येत नाही हे त्यांचं त्यांनाच फार उशिरा कळे. ते आधी बायकोला कळे. म्हणून बहिरेपणाच्या तपासणीसाठी मी नवऱ्यांना निरोप देणं सोडलं आणि नळावर बायकांना गाठू लागले.

आणि दवाखाना म्हटलं की या वस्तीत जी एक सावध नजर दिसते, तीही काही कालची नाही. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचं निदान झालं, डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी ते केलं, आणि लगेच घरांची झडती, माणसांना उचलून नेणं सुरू झालं. ऑक्टोबरच्या अखेरीस हजारभर गिरणी कामगार ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. तेच आजचं कस्तुरबा. पुढे सरकारने एकेका समाजाला आपापली प्लेग रुग्णालयं काढायची मुभा दिली. आपल्या माणसांच्या हातचं पाणी मिळेल, आपला माणूस उशाशी बसू शकेल, हे कळल्यावर लोक आपण होऊन आजारी माणूस आणू लागले. त्या रुग्णालयांत जातीच्या भिंती होत्या, हे खरंच, आणि त्या भिंतींची किंमत ज्यांना कुठल्याच रुग्णालयात आपलं म्हणणारं कोणी नव्हतं त्यांनी मोजली. तरी विश्वास आधी, औषध मग, हा क्रम या शहराने तेव्हाच पाहिला होता.

तो क्रम पुढे नीट ओळखला तो ना. म. जोशी यांनी. १९११ला त्यांनी सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. रात्रशाळा, वाचनालयं, सहकारी पतपेढ्या, दवाखाने असं सगळं एकाच हाताने. १९१८च्या इन्फ्लुएन्झात लीगचे स्वयंसेवक कामगार वस्तीत मदतीला उतरले, तेव्हा त्यांच्यासाठी दारं उघडली, कारण ती माणसं आधीपासून येत-जात होती. परळचं दामोदर नाट्यगृह त्याच लीगचं. जिथे कामगार नाटक बघायला जातो, तिथे तो क्षयाविषयीही ऐकून घेतो. आज आरोग्य शिक्षणाचं अंदाजपत्रक बनवताना कोणी नाटकाला पैसे धरत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

लालबागची मंडळं म्हणजे या भागातली सगळ्यात मोठी जोडलेली ताकद. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२०चा, गणेश गल्ली १९२८ची, लालबागचा राजा १९३४चा. बाहेरच्यांना दिसतात त्या रांगा आणि मिरवणूक. मला दिसतात ती वर्षभर चालू असणारी खोली, खोलीत असणारा फोन, आणि फोन केला की अर्ध्या तासात जमणारी पोरं. २०२०ला करोनामुळे लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्तीच बसवली नाही. त्याऐवजी आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादानाची शिबिरं घेतली. मूर्ती न बसवण्याचा निर्णय त्या मंडळाला किती जड गेला असेल हे लालबागमध्ये राहिल्याशिवाय कळायचं नाही. रक्त हवं असेल तर मंडळाइतकं चटकन उभं राहणारं दुसरं कोणी मी पाहिलेलं नाही. "ताई, कागद मागाहून बघू, माणसं किती लागतील ते सांगा," हे उत्तर मला दरवेळी मिळालं आहे.

पण क्षयरोगाला त्याच गल्लीत, त्याच मंडळाकडून तसं उत्तर येत नाही. यात त्या पोरांचा दोष मला दिसत नाही. रक्तदान एका दिवसाचं असतं, दिल्यावर छातीवर बिल्ला लागतो, फोटो निघतो. क्षयाचा उपचार साध्या प्रकारात सहा महिने रोज चालतो, औषधांना दाद न देणारा असला तर अनेकदा त्याहून लांब आणि जास्त त्रासाचा. आणि तो लपवायचा असतो. घरात लग्नाची मुलगी असेल तर आई औषधाची पाकिटं डाळीच्या डब्यात ठेवते. मंडळाचा बॅनर लागला की सगळ्या गल्लीला कळणार, म्हणून मंडळ जितकं मोठं तितका रोगी त्याच्यापासून लांब.

तिथे वेगळ्याच माणसांची आघाडी झाली. पालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका त्याच वस्तीत राहणाऱ्या, तुटपुंज्या मानधनावर घरोघर फिरणाऱ्या बायका. त्यांच्याबरोबर खानावळी चालवणाऱ्या बायका. प्रेमा पुरव यांनी १९७५ला अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच गिरणगावातल्या खानावळवाल्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला. कोणाच्या ताटात भात उरतो, कोण जेवायला येईनासा झालाय, कोणाचा सदरा ढगळ पडतोय, हे खानावळवालीला डॉक्टरच्या आधी समजतं. आमच्या कामातल्या एक काकू तर खोकणाऱ्याला दोन आठवडे बघायच्या, आणि मग ताट वाढता वाढता हळूच म्हणायच्या, "उद्या माझ्यासंगं दवाखान्यात यायचं. मला एकटीला जायचा कंटाळा येतो." त्यांच्याबरोबर माणूस थुंकी तपासून यायचा आणि घरी कोणाला पत्ता लागायचा नाही. २०१८पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिना ५०० रुपये मिळू लागले, आता ते १,००० झाले आहेत. पण ते बँक खात्यात जातात, आणि गावी खातं असलेल्या कामगाराला ते मिळवून देण्याचं किचकट काम करणाऱ्याही याच बायका. या आघाडीला नाव नव्हतं, फलक नव्हता, बैठकीचं इतिवृत्त नव्हतं. निधी देणाऱ्यांना दाखवायला काही नाही, असं एकदा मला बजावण्यात आलं. दाखवण्यासारखं काही नसणं हीच तिची ताकद होती, आणि ते मी शेवटपर्यंत भांडून सांगितलं.

एकाच वस्तीत दोन आजारांना दोन वेगळ्या आघाड्या लागतात, हे मला आजही आरोग्य खात्यातल्या तरुण अधिकाऱ्यांना समजावून सांगावं लागतं. त्यांना वॉर्डात एकच समिती हवी असते.

परळला आणखी एक वस्ती आहे, ती पत्त्यात सापडत नाही. टाटा स्मारक रुग्णालय १९४१चं, त्याच्या आधीपासून केईएम आणि वाडियाची रुग्णालयं. देशभरातून येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक परळच्या पदपथांवर महिनोन् महिने राहतात. १९६८ला सुरू झालेली नाना पालकर स्मृती समिती, दादरची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, रोज अन्नाची पाकिटं घेऊन येणारी माणसं, अशी या पाहुण्यांभोवतीही एक साखळी आहे. ती दयेवर चालते. गावकीवर चालणाऱ्या साखळीपेक्षा ती वेगळी, कारण इथे घेणारा उद्या गावी जाणार असतो आणि देणाऱ्याला परत काही मिळायचं नसतं. त्या साखळीविषयी मला मनापासून आदर आहे. फक्त बिहार-बंगालहून आलेल्या एखाद्या बाईला बैठकीत कधी खुर्ची मिळालेली मी पाहिली नाही. तिच्याविषयी बोललं जातं, तिच्याशी बोलायला दुभाषी लागतो.

गिरगावात पहिल्या बैठकीला लोकांनी माझ्याकडे संस्थेचं नोंदणीपत्र मागितलं. दुसऱ्या बैठकीत मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम करायला लावलं. लालबागच्या सवयीने मला आधी ते अवघड वाटलं, पण ज्या भागात केशवजी नाईक चाळीचा गणपती १८९३पासून बसतो, १९०८ला गावदेवीत रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवा सदन सुरू झालं, तिथे संस्था चालवणं हेच अंगवळणी पडलेलं आहे. तिथे माणसाला कागदाने आश्वस्त करावं लागतं. एकदा ठराव झाला की मात्र तो पाळला जातो, आणि नोंदवही व्यवस्थित राहते.

गिरगावचं दुखणं एकटेपणाचं. मुलं बोरिवलीला, डोंबिवलीला, नाहीतर अमेरिकेत. खोलीत आई-वडील, किंवा दोघांतलं उरलेलं एक. मधुमेह, रक्तदाब, गुडघे. फॅमिली डॉक्टरचा दवाखाना चाळीच्या तळमजल्यावर, पण डॉक्टरच ऐंशीला आलेले. मेट्रो ३च्या कामासाठी गिरगाव-काळबादेवीतल्या इमारती रिकाम्या झाल्या तेव्हा कुटुंबांबरोबर ओळखीचे डॉक्टर, औषधांचं दुकान, उधारीवर दूध देणारा, असे सगळे दुवेही हलले. तिथे आमचं काम टिकलं ते वाडीच्या मापाने. फणसवाडीचं वेगळं, खोताच्या वाडीचं वेगळं. एका वाडीतल्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याने सगळ्या वृद्धांच्या औषधांचं कोष्टक करून जिन्याखाली लावायचं सुचवलं, तेव्हा शेजारच्या वाडीने ते साफ नाकारलं; तिथे आपला आजार जिन्याखाली लागणं म्हणजे अपमान. दोन्ही वाड्यांचं म्हणणं मला योग्य वाटलं.

दादरविषयी आधी आवाजाचं सांगते. २०१०ला शिवाजी पार्क शांतता क्षेत्र झालं, ते तिथल्या नागरिकांनी न्यायालयाकडे दाद मागितली म्हणून. वकील, डॉक्टर, निवृत्त अधिकारी एकाच रस्त्यावर राहत असले की आरोग्याचा प्रश्न याचिका होऊन पुढे जातो. दोन-तीन किलोमीटरवर साच्याच्या आवाजाने कान गेलेली माणसं राहत होती. त्यांच्या शेजारात वकील नव्हते, आणि ढोल-ताशा तर त्यांचा स्वतःचा, वर्षातल्या सगळ्यात आनंदाच्या दिवसांचा. रुग्णालयांच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं, हा तेव्हाचा नियम परळच्या मिरवणुकीत पोरांना सांगताना मला कायद्याचा काही उपयोग झाला नाही. बहिऱ्या झालेल्या एका साचेवाल्यालाच मी बरोबर नेलं. त्याच्या शब्दाला मान होता.

दादरचंच दुसरं रूप ६ डिसेंबरला दिसतं. चैत्यभूमीवर लाखोंनी माणसं येतात, पालिकेची वैद्यकीय पथकं असतात, आणि आंबेडकरी डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी आपण होऊन पदरमोड करून उभे असतात. त्या शिबिरांत मराठवाड्यातली, विदर्भातली बाई जी मोकळेपणाने अंगावरचं दुखणं सांगते, ते ती गावच्या आरोग्य केंद्रात सांगत नाही. समोरचा डॉक्टर आपला आहे, तो हात मागे घेणार नाही, याची तिला खात्री असते. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या बुद्धविहारात पौर्णिमेच्या वंदनेनंतर आम्ही क्षयाविषयी बोलू लागलो ते यातूनच शिकून.

ज्यांच्याशी आम्हाला जुळवून घेता आलं नाही, ते गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधले. आणि टॉवर बांधणारे मजूर. तिथे साचलेल्या पाण्यात डास होतात, मलेरिया होतो, पण मजूर ठेकेदाराच्या छावणीत, सहा महिन्यांनी दुसऱ्या साइटवर. त्याचा गाववाला ना मंडळात, ना खानावळीत. टॉवरच्या फाटकावर पालिकेचा मलेरिया तपासनीस आत सोडला जात नाही, असे प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडले आहेत. इथे बंध कशाचा बांधायचा याचं उत्तर मला सापडलेलं नाही, ते माझ्या नंतरच्यांनी शोधायचं आहे.

आता बीडीडी चाळी पाडल्या जात आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणं हा त्या कुटुंबांचा हक्क आहे, आणि हवा-उजेड मिळाला तर क्षयही कमी होईल. वरळीत काहींना २०२५ला किल्ल्या मिळाल्या. पण मधल्या वर्षांत माणसं संक्रमण शिबिरांत आणि भाड्याच्या घरांत विखुरतात, आणि उपचार अर्ध्यावर असलेला रुग्णही त्यांच्याबरोबर जातो. नायगावच्या स्वयंसेविकांनी त्यासाठी स्वतःची वही केली आहे. पहिल्या रकान्यात जुनी चाळ आणि खोली क्रमांक, दुसऱ्यात आताचा पत्ता, तिसऱ्यात औषध कुठल्या दवाखान्यातून मिळतं ते, चौथ्यात जुन्या शेजाऱ्याचा फोन. शेवटचा रकाना त्यांनी नंतर वाढवला, कारण रुग्ण स्वतःचा नंबर बदलतो पण शेजारणीशी बोलणं सोडत नाही. दर शनिवारी त्या वहीवरून फोन करायचे असतात, आणि ज्याचा लागला नाही त्याच्या शेजारणीला गाठायचं असतं. वॉर्डाच्या अधिकाऱ्यांनी ती वही संगणकात घ्यायची ठरवली आहे. तिथल्या तक्त्यात जुन्या खोलीच्या क्रमांकाला आणि शेजारणीला जागा नाही. ते दोन रकाने ठेवावेत, म्हणून आमचा अर्ज त्यांच्याकडे पडून आहे.